कुंभार्ली घाट संगणकात कसा उतरला



आडसाली उसाची भरणी आटपली, दोन दिवस सवड मिळाली. म्हणून आज शेताबाहेरचं लिहितोय. विषय ऐकून काहीजण हसतील. आपण रोज जातो तो खराखुरा रस्ता पोरं संगणकातल्या गाडीच्या खेळात कशी बनवतात, त्याबद्दल आहे. माझा पुतण्या गेली दोन वर्षं हा उद्योग करतोय. त्यानं आपला कुंभार्ली घाट बनवलाय. घाटमाथ्यापासून खाली पोफळीपर्यंत. मी तो जवळ बसून बघितला, शंका विचारल्या, आणि जे कळलं ते सांगतो.

पहिली गोष्ट, हे नवं खूळ नाही. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग म्हणून डोंगरातला शर्यतीचा रस्ता आहे. १९२७ साली बांधलेला, साधारण २०.८ किलोमीटरचा. पैसे भरले की साधा माणूसपण स्वतःची गाडी त्यावर घालू शकतो. ग्रान टुरिस्मो नावाच्या जपानी खेळात २००४ साली तो आला, आणि कधी जर्मनीला न गेलेल्या पोरांना त्याची वळणं पाठ झाली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट गावाजवळ माउंट पॅनोरामाचा रस्ता आहे. तो तर सरळ गावचा रस्ता, कडेला लोकांची घरं. शर्यत नसते त्या दिवशी तिथं ताशी ६० ची मर्यादा असते. तोही खेळात आहे. जपानमधला हारुना डोंगराचा घाट एका चित्रकथेमुळं गाजला. त्या कथेतलं पोरगं पहाटे गाडीतनं टोफू पोचवायला घाट चढतं-उतरतं. आपल्याकडं दूधवाला पिकअप घेऊन जातो तसंच की ते. त्या घाटावरपण खेळ निघाले.

म्हणजे जगात लोकांना स्वतःचा रस्ता खेळात बघायची हौस आहे. मग आपला का नको, असं पोराला वाटलं.

आपल्याकडची बारकी पोरं मोबाईलवर इंडोनेशियाचा बसचा खेळ खेळतात, त्यात बसला आपल्या एसटीचा लाल रंग देतात. गाडी आपली, पण रस्ता कुठला तर जावा बेटावरचा. युरो ट्रक सिम्युलेटर २ म्हणून २०१२ सालचा एक खेळ आहे, चेक देशातल्या कंपनीचा. त्यात नकाशा बनवायचं साधन खेळासोबतच मिळतं. पण त्यातलं जग एकास एकोणीस मापानं लहान केलेलं. आपला कराड-चिपळूण रस्ता साधारण शंभर किलोमीटर, तो त्या मापात सव्वापाच किलोमीटर होणार. सुपने, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक सगळी गावं एकाच्या मांडीवर एक बसणार.

ग्रान टुरिस्मोच्या सहाव्या भागात २०१५ साली टॅबलेटवर बोटानं रेघ ओढून रस्ता काढायची सोय आली होती. पण जमीन त्यांनी दिलेलीच घ्यायची. वळणं तुमची आणि डोंगर दुसऱ्याचा.

म्हणून पुतण्यानं असेट्टो कोर्सा हा इटलीतल्या कंपनीचा खेळ धरला. त्यात लोकांनी स्वतः बनवलेले रस्ते घालता येतात आणि माप एकास एक. एक किलोमीटर म्हणजे एक किलोमीटर.

आता हे बनवतात कसं ते बघा.

रस्त्याची रेघ मिळते ओपनस्ट्रीटमॅपवरनं. हा २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला फुकटचा नकाशा. जगभरची माणसं आपापल्या गावचे रस्ते त्यात भरतात. उंची मिळते अमेरिकेच्या नासाकडनं. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारनं जमिनीची उंची मोजली. ते आकडे आता कुणालाही फुकट मिळतात. मग ब्लेंडर नावाच्या, तोही फुकटच, सॉफ्टवेअरमध्ये डोंगर उभा करायचा, त्यावर रस्ता अंथरायचा, झाडं लावायची, कठडे बांधायचे.

ऐकायला सोपं आहे. मेख पुढं आहे.

ती उंची दर ३० मीटरला एक अशी मोजलेली आहे. तीस बाय तीस म्हणजे ९०० चौरस मीटर. आपल्या हिशोबानं जवळजवळ नऊ गुंठे. नऊ गुंठ्याला उंचीचा एक आकडा! सपाट रानात चालून जाईल. पण घाटात नऊ गुंठ्यात एका बाजूला कडा, मधी सात-आठ मीटरचा रस्ता आणि पलीकडं दरी, एवढं सगळं येतं. त्या सगळ्याचा मिळून एकच आकडा. त्यामुळं पहिल्यांदा रस्ता अंथरला तेव्हा तो दरीकडं असा कलला होता, की बैलगाडीपण उलटावी. काही ठिकाणी रस्ता डोंगरात घुसलेला, काही ठिकाणी हवेत.

मोठ्या कंपन्या यावर लेझरचं मशीन वापरतात. गाडीवर यंत्र बसवून रस्त्याचा खड्डा न् खड्डा मोजतात. पोराकडं ते कुठलं असायला? त्यानं मोटारसायकलवर घाटाच्या चार फेऱ्या मारल्या, मोबाईलवर चित्रण केलं, आणि एकेक वळण हातानं दुरुस्त केलं. सात महिने लागले. नोकरी सांभाळून.

एवढं झाल्यावर दिवाळीत त्यानं मशीन गावाकडं आणलं. स्टिअरिंग, पायातले पेडल, सगळं. मित्रांना दाखवलं, सगळे खूश. घाटमाथा ते पोफळी कोण किती मिनिटात उतरतो याची चढाओढ लागली. नऊ मिनिटांवर गडी आले.

त्याचे वडील म्हणजे माझे थोरले बंधू, आमचे दादा. एकतीस वर्षं एसटी चालवली, त्यातली निम्मी-अर्धी याच रस्त्यावर. आता काचबिंदूनं नजर अरुंद झालीय, गाडी बंद. नजर गेल्यापासनं माणूस बोलायचाच कमी झाला होता. सोप्यात बसून रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज ऐकायचे आणि गिअर चुकला की तोंड वाकडं करायचे, एवढंच. पोरानं हात धरून खुर्चीवर बसवलं.

पहिल्या दोन वळणांतच ते थांबले. "आरं, हितली मोरी कुठं गेली?"

पोरगं म्हणालं, "दादा, मोरी वरनं दिसत नाही."

"दिसत न्हाई, पर बसती की कमरेला. हितं गाडी उचलती. मागच्या शिटावरच्या बायका वरडायच्या."

मग सुरू झालं. या वळणावर पावसाळ्यात पाणी आडवं वाहतं. इथं पाला कुजतो, चाक सरकतं. इथं हॉर्न दिलाच पाहिजे, कारण समोरचा ट्रक चढताना पूर्ण रस्ता घेतो. म्हणून आपण वळणाच्या अलीकडंच थांबायचं, वळणात जाऊन थांबायचं नाही. चढणाऱ्याला आधी वाट हा डोंगरी रस्त्याचा नियमच आहे, पुस्तकातपण आहे. धुकं असलं की चुन्याचे दगड मोजत उतरायचं. पोरगं वहीत लिहीत होतं. एका घाटाची अकरा पानं झाली.

दादांना खाली पोफळीला पोचायला पंचवीस मिनिटं लागली. पोरं हसली. तेव्हा ते म्हणाले, "घाट ब्रेकवर उतरायचा नसतो, इंजिनावर उतरायचा. तुमच्या ह्या गाडीचा ब्रेक तापतो का?" पोरानं मान हलवली. त्या गाडीचा ब्रेक काही केल्या तापत नव्हता. "मग ह्यो घाट न्हवं, घसरगुंडी हाय."

वहिनी चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, "एकतीस वर्षं उतरलासा, तेवढं पुरं झालं न्हाई व्हय?" दादा कित्येक महिन्यांनी हसले.

मंडळी, मला यातनं काय कळलं ते सांगतो. सातबाऱ्यावर आपलं रान असतं. गट नंबर असतो, क्षेत्र असतं, मोजणीचा नकाशा असतो. पण पाणी कुठल्या कोपऱ्यात तुंबतं, चुनखडी कुठं लागते, पहाटेचं दव कुठल्या सरीवर जास्त पडतं, हे सातबाऱ्यावर नसतं. ते ज्यानं रान केलंय त्याच्या डोक्यात असतं. तो गेला की ते गेलं. रस्त्याचं तसंच आहे. रेघ आणि उंची अवकाशातनं मिळते. बाकीचं ज्यानं गाडी चालवली त्याच्याकडनंच घ्यावं लागतं.

पावसाचंच बघा. खेळात पाऊस म्हणजे एक बटण, दाबलं की सगळीकडं सारखा. आपल्या या रस्त्यावर असं कधी असतं का? कराडला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा कोयनानगरला जुलैच्या पंधरवड्यात पडून जातो. सुपन्यात धुरळा, पाटणला भुरभुर आणि घाटमाथ्यावर समोरचं दिसत नाही, हे सगळं एकाच फेरीत दादांनी रोज बघितलंय. आणि त्या घाटाचा उतार म्हणजे साधा नव्हे. कोयनेचं पाणी त्याच उतारानं पश्चिमेला सोडून पोफळीला डोंगराच्या पोटात वीज करतात. जो उतार वीज करतो, तोच गाडीचा ब्रेक जाळतो.

दुसरं म्हणजे रस्ते बदलाय लागलेत. कराडात कोल्हापूर नाक्यावरचा जुना उड्डाणपूल पाडला. कराड-पाटण रस्ता रुंद झाला, सिमेंटचा झाला, कडेची जुनी झाडं गेली. रस्ता चांगला झाला पाहिजे, त्यात वाद नाही. माल वेळेत पोचतो, रुग्ण वेळेत पोचतो. पण ज्या सावलीत आमच्या बैलगाड्या थांबायच्या ती आता कुठल्याच नकाशात नाही. पुतण्या म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी जुना कराड-पाटण रस्ता करतो, झाडांसकट." त्यासाठी तो जुने फोटो गोळा करतोय आणि दादांना विचारतोय, कुठलं झाड कुठं होतं. दादा डोळे मिटून सांगतात. मिटल्यावर त्यांना जास्त दिसतं.

तिसरी गोष्ट काळजीची आहे, ती लिहिलीच पाहिजे. नऊ मिनिटांत घाट उतरणारं पोरगं उद्या खरी मोटारसायकल घेऊन त्याच घाटात जाणार. त्याला वाटणार, वळणं पाठ आहेत. वळणं पाठ असतील, पण गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या बिनदिव्याच्या उभ्या असतात, त्या कशा पाठ होणार? म्हणून पुतण्यानं आता घाटाच्या दोन प्रती केल्यात. एक शर्यतीची, मोकळी. दुसरीचं नाव त्यानं ठेवलंय 'दादांची गाडी'. तिच्यात मोऱ्या आहेत, ओला पाला आहे, दाट धुकं आहे आणि वळणाच्या तोंडावर उभी उसाची ट्रॉली आहे. समोरनं चढणारा ट्रक घालायचं काम अजून चाललंय. मित्र म्हणतात ही प्रत हळू वाटते. पण त्यातलाच एकजण परवा मला म्हणाला, की आता खऱ्या घाटात वळणाआधी आपसूक हॉर्न दिला जातो. माझ्या मते सात महिन्यांची मजुरी तिथंच निघाली.

तर विनंती एवढीच. तुमच्या घरात, भावकीत कुणी एसटीचा, ट्रकचा जुना ड्रायव्हर असेल तर त्याला बसवून घ्या. खंबाटकी असेल, आंबा घाट असेल, पसरणी असेल. संगणक नसला तरी चालेल, शाळेची शंभर पानी वही पुरते. कुठं मोरी, कुठं पाणी, कुठं हॉर्न, कुठला गिअर, हे त्याच्याच शब्दात लिहून घ्या. पोरांना रस्ता बनवायचा असेल तर उंचीचे आकडे केव्हाही मिळतील. हे मिळणार नाही.

आमच्या वहीची पानं पुतण्या फोटो काढून देणार आहे. आली की इथं टाकतो. आणि ज्यांची खोडव्याची पाचट कुजवायची राहिलीय त्यांच्यासाठी पुढच्या रविवारी लिहितो.

राम राम.