मोत्याचे गुडघे

देवगाव फाट्यावर सल्ल्याला कधी तोटा नसतो. एस.टी.ची वाट पाहणारा प्रत्येक मनुष्य थोडाफार वैद्य असतोच! आमचा बारा वर्षांचा मोत्या थंडीत उठताना मागचे पाय ओढू लागला, तेव्हा ही सारी वैद्यकी आमच्या ओसरीवर लोटली. कोणी लसूण कढवलेले तेल सुचवले, कोणी कापराचे. एकाने तर स्वतःच्या खिशातली कंबरदुखीची गोळीच पुढे केली.

हेतू सर्वांचे चांगले. परंतु कुत्रा अंगाला लावलेले चाटतो! लसूण त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, कापूर त्याला विषारी आणि माणसाची आयबुप्रोफेन त्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक.

परभणीच्या पशुवैद्यांनी सांगितले, "झिजलेला सांधा पुन्हा भरत नाही, त्यावरचा भार मात्र हलका करता येतो." दुखणे वाढले, तर कुत्र्यासाठीची गोळी त्यांनीच द्यायची. बाकी उपाय घरचेच. निसरड्या शहाबादीवर पोते अंथरले, निजायला जाड गोधडी दिली, कोमट पाण्याच्या पिशवीने शेक सुरू केला. दिवसातून तीनदा थोडे थोडे चालणे, आणि त्यांनी ठरवून दिलेल्या मापाने माशाचे तेल. हळदीपेक्षा त्याचा पुरावा भक्कम, म्हणे!

सर्वांत कठीण पथ्य वजनाचे. आणि ते मोत्याला नव्हे, आईला जड गेले. माया करायची म्हणजे तूप लावलेली पोळी भरवायची, एवढेच तिला ठाऊक. आता पोळीऐवजी ती त्याच्याबरोबर चार पावले चालते. गुडघे तिचेही दुखतात. त्यामुळे कोणी कोणाला घाई करीत नाही.