उरलेल्या धान्याचे पेय

ठाण्यात थंडी अशी पडत नाही. तरी दिवाळी सरली की आमच्या ब्रुअरीत बार्ली वाइनचा विषय निघतोच. ही बीअरचीच एक जात आहे, पण गडद, दाट आणि कडक. एरवीच्या बीअरपेक्षा हिला जवाचा माल्ट दुपटीच्या आसपास लागतो. शिवाय उकळायला जास्त वेळ, आंबायला जास्त दिवस आणि मुरायला कित्येक महिने. विलायतेत ती ८ पासून १२ टक्क्यांपर्यंत जाते. आपल्याकडे बीअर म्हणून विकायची तर ८ टक्क्यांच्या आत राहावे लागते, त्यामुळे आमची बार्ली वाइन कायम उंबरठ्यावरच उभी असते. एवढा खटाटोप करून हाती थोडीच पिंपे लागतात. मालक दर वर्षी कपाळाला आठ्या घालतात आणि दर वर्षी हो म्हणतात.

त्या वर्षी मला तिच्यात नागली, म्हणजे नाचणी, घालायची होती. कारण झाला माझा सहकारी. टाक्या धुण्यापासून सुरुवात करून आता माल्ट दळण्याचे काम तो एकट्याने सांभाळतो. घर मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला. एकदा त्याच्या डब्यातून एक पुडी निघाली. भाच्यासाठी घरी केलेले नागलीचे सत्त्व होते. मी चिमूटभर जिभेवर ठेवले. गोडसर, खरपूस, मागे किंचित तुरट. ब्रुअरीत रोज पोत्यांनी येतो त्या जवाच्या माल्टचीच ही बहीण होती. मी म्हटले, तुमच्या घरी हे करतात ते मला बघायचे आहे. तो म्हणाला, "चला ना ताई, आजी करते. पण थंडीत मोड यायला वेळ लागतो."

वाडा, विक्रमगड करत जव्हारचा घाट चढला की हवा बदलते. जव्हारहून मोखाड्याकडे जाताना भाताची खाचरे रिकामी झालेली, वरकस उतारांवर नागलीची खुंटे राहिलेली. त्याच्या पाड्यावर पोहोचलो तेव्हा निम्म्याहून अधिक दारांना कुलपे होती. भात-नागली घरात आली की इथली माणसे जगायला जातात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर. ती थेट पावसाच्या तोंडाला परततात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी काही पोरे.

आजींनी नागली आधीच भिजत घातली होती. रात्रभर भिजवायची, मधे पाणी बदलायचे, निथळून धोतराच्या जुन्या कापडात घट्ट बांधायची. उन्हाळ्यात दीड-दोन दिवसांत मोड येतात. थंडीत गाठोडे चुलीपासून हातभर अंतरावर ठेवावे लागते आणि अधूनमधून पाण्याचा हबका मारावा लागतो. आजी गाठोड्याखाली हात घालून ऊब बघत. फार तापले तर दाणे आंबतात, वास येतो. गार पडले तर मोड अडतात. आमच्याकडे माल्ट राजस्थान-हरियाणाच्या जवाचा येतो. तो ज्या कारखान्यांत तयार होतो तिथे नेमके हेच काम तापमापक आणि पंखे करतात. दाण्याला वाटते पाऊस आला. तो आतल्या स्टार्चची साखर करणारी विकरे तयार करू लागतो. रोप ती साखर खाऊन टाकण्याआधी त्याला वाळवून थांबवायचे, एवढीच माल्टिंगची सगळी विद्या. आजी मोड पांढऱ्या सुताएवढे झाले की नागली उन्हात पसरत, वाळल्यावर हातावर चोळून मुळे झाडत आणि मग खापरावर मंद भाजत. भाजताना जो वास सुटला तो वहीत उतरवायला मी शब्द शोधत बसले. शेवटी लिहिले, 'भाकरीचा पापुद्रा'.

जेवायला नागलीची भाकर आणि उडदाचा भुजा होता. आजींनी विचारले, "एवढी नागली नेतेस ती कोणाच्या पोराला?"

मी खरे ते सांगितले. दारूला म्हटल्यावर त्यांनी नातवाकडे पाहिले. मी चेष्टा करते आहे का, हे बहुधा त्यांना त्याच्या तोंडावरून ताडायचे होते. मग म्हणाल्या, "नागली खायाची. दारूला मोह आहे ना."

त्यात राग नव्हता. चुलीत लाकूड घालतात, पाणी नाही, अशा सरळ माहितीच्या सुरात त्या बोलल्या. जेवण पुढे चालू राहिले. पण त्या एका वाक्याने माझ्या पाककृतीचा पाया हलला.

बार्ली वाइनचा इतिहास मी ग्राहकांना हौसेने सांगत असते. ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमाराचा ग्रीक सैनिक-लेखक झेनोफोन. हिवाळ्यात आर्मेनियाच्या डोंगराळ गावांत त्याच्या सैन्याला मोठ्या भांड्यांत जवाची दारू मिळाली. वर दाणे तरंगत होते, लोक ती बोरूच्या नळ्यांनी ओढत होते आणि पाणी न घालता प्यायली तर ती फार कडक लागे. त्याच घरांत गहू, जव, कडधान्ये यांचे साठे असल्याचेही तो लिहितो, पण हा तपशील मी सांगताना गाळत असे. इंग्लंडात जमीनदारांच्या वाड्यांवर मुलगा जन्मला की कडक एल करून तळघरात ठेवायचे आणि तो एकवीस वर्षांचा झाला की पिंप फोडायचे, अशी चाल होती. बर्टनच्या बास कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या कडक 'नंबर वन'वर बार्ली वाइन हे नाव छापले. पुढे पहिल्या महायुद्धात धान्य अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने बीअरचे प्रमाण आणि कडकपणा दोन्हींवर लगाम घातला. हे सगळे प्रसंग एका ओळीत ठेवले की दिसते, कडक बीअर कोठार भरलेल्यांची. खाऊन, बियाणे ठेवून, कर भरून जे धान्य उरते ते तिच्यात जाते.

जव्हार-मोखाड्यात धान्य असे उरते कुठे? उतारावरची पातळ माती, पावसावरची एकच पेरणी. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागातल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्राला हा प्रदेश ठाऊक झाला. तेव्हापासून इथे कुपोषणावर जे जे बोलले गेले त्यात मोड आणलेल्या नागलीचे नाव आलेच, कारण मोड आले की ती पचायला हलकी होते आणि तिची पेज पातळ राहूनही पोषक असते. म्हणजे ज्या माल्टच्या गोडीवर माझी बीअर उभी राहणार, त्याच गोडीवर इथले तान्हे मूल अन्नाला लागते. वारल्यांच्या घरात धान्य ही कणसरी, देवी. तिला दाखवल्याशिवाय नवे धान्य खायचे नाही, असे मानणारी म्हातारी माणसे अजून आहेत. नशा इथे झाडाकडून घेतात, ताडा-माडाकडून आणि मुख्य म्हणजे मोहाकडून. मोहाला नांगरट लागत नाही की लावणी. मार्च-एप्रिलच्या पहाटे फुले आपणहून खाली पडतात, ती वेचून वाळवून ठेवायची.

संध्याकाळी शेजारच्या एका पाड्यावर मोहाची चव घेतली. घर कोणाचे ते लिहीत नाही, कारण परवान्याशिवाय दारू गाळणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. त्या घरी कार्य होते. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली फुले पाण्यात भिजत घातलेली होती, थंडीमुळे नेहमीपेक्षा जास्त दिवस. बुडबुडे थांबले आणि फुले तळाला बसली की माल तयार, असे घरधनीण म्हणाली. आमच्या टाकीत यीस्ट खाली बसले की आम्हीही तेच म्हणतो. चुलीवर मडके, त्यावर गार पाण्याचे भांडे, सांधे मातीने लिंपलेले. वाफ गार बुडाला लागून थेंब होते, आतल्या लाकडी पन्हळीत पडते आणि बांबूच्या नळीतून बाहेर येते. वरचे पाणी कोमट झाले की लगेच बदलायचे, जाळ वाढू द्यायचा नाही. तिने पहिल्या धारेचे थोडे चुलीत उडवले, निळी ज्योत उठली.

पिण्याआधी प्रत्येकाने चार थेंब जमिनीवर सांडले, देवांना आणि गेलेल्यांना. मीही सांडले. पेल्याला आधी धुराचा वास आला, त्याच्या मागून मनुकांचा, आणि अगदी शेवटी ओल्या फुलाचा तो जड, कस्तुरीसारखा दरवळ, जो काहींना मुळीच सोसत नाही. घशात आग झाली, पण जिभेवर गोडीचा भास राहिला. साखर तर मडक्यातच मागे राहिलेली असते. ती गोडी केवळ वासाची होती. नंतरची धार फिकी आली. ती वेगळी ठेवली, बसून गप्पा मारत प्यायला.

सगळेच चित्र असे रम्य नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून केलेली दारू मोहाच्याच नावाने खपते. तिने घरे बसवली आहेत, आणि तिच्या विरोधात बोलण्यात बायका पुढे असतात. याआधीही इथल्या आदिवासींनी दारूला नाही म्हटलेले आहे. १९२२-२३ च्या देवी चळवळीत दक्षिण गुजरातच्या गावोगावी लोकांनी दारू सोडली, आणि त्या लाटेचा उगम पालघरच्या किनाऱ्यावरचा. उलट बाजूने सरकारचा डोळा फुलावरच होता. १८९२ च्या मोहाच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत फुले जमवण्या-बाळगण्यावर बंधने घातली, म्हणजे गाळलेली दारू दुकानातूनच विकत घ्यावी लागावी. मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यात, शहापूरला जोडलेला पेटा. जव्हार मात्र मुकणे राजांचे संस्थान. टंचाईत तीच फुले शिजवून खाल्ली जात, याचा विचार त्या कायद्याला नव्हता. महाराष्ट्रात फुलांवरची बंधने सैल व्हायला २०२१ उजाडले.

परतताना गाडीत नागली होती ती ठरवल्यापेक्षा बरीच कमी. उरलेली जागा मोहाच्या फुलांनी भरली. भावात घासाघीस केली नाही. नागलीबद्दल सहकाऱ्याच्या आईशी एवढेच ठरले की घरचे खाणे आणि बियाणे बाजूला काढून जे विकायचे तेवढेच आम्ही घेऊ, आणि पाडा रिकामा असताना कोणाच्या अडचणीला धरून घेणार नाही.

ब्रुअरीत नागलीने आमची परीक्षाच पाहिली. दाणा इतका बारीक की चक्कीच्या रुळांमधली फट पार मिटवत आणावी लागली. नागलीचा स्टार्च जवाच्या मानाने अधिक तापमानाला फुलतो, म्हणून तिची आधी वेगळी पेज शिजवली आणि मग जवाच्या लगद्यात मिसळली. लगदा ६७-६८ अंशांवर धरला. या तापमानाला न आंबणारी साखर जास्त उरते, म्हणून दारू ८ च्या आत ठेवूनही अंग भरलेले राहते. जवाचे टरफल गाळणीचे काम करते, नागलीला तसे टरफल नाही. रस अडू नये म्हणून तळाशी भाताचे तूस अंथरले. पहिला निथळलेला रस, काकवीच्या जवळ जाणारा, तेवढाच बार्ली वाइनला घेतला. मग त्याच लगद्यावर पुन्हा गरम पाणी सोडून निघालेल्या पातळ रसाची हलकी बीअर केली. सहकारी म्हणाला, "ही पहिली धार, ती दुसरी. बसून प्यायची." त्या बीअरला आम्ही तेच नाव दिले आणि ती आधी संपली.

तीन तास उकळले. साखर आणि प्रथिने एकमेकांत भाजून निघत रस तांब्यासारखा होत गेला. कडवटपणाला परदेशी हॉप्स घातले. मोहाची फुले पुंकेसर आणि माती झाडून अगदी शेवटी टाकली, जंगली यीस्ट मरेल पण वास उडणार नाही इतपत. सुरुवातीची घनता १.०८४ होती, आंबून १.०२४ वर थांबली, हिशेबाने ७.९ टक्के. इतक्या गोड रसात यीस्ट थकते, म्हणून ते नेहमीपेक्षा दुपटीने घातले होते. मग टाकी थंड खोलीत गेली आणि उन्हाळा, पाऊस तिथेच गेला.

पुढच्या थंडीत पिंप उघडले. ग्राहकांना बीअर बर्फगार लागते. ही १२-१३ अंशांवर, लहान पेल्यात दिली. आधी खजूर आणि टॉफी, मग हॉप्सचा कडूपणा, आणि शेवटी मोह, इतका दबून की ज्यांना माहीत नव्हता त्यांना मनुका वाटल्या. नागली चवीपेक्षा पोतात जास्त होती. भाकरीच्या पापुद्र्याचा वास मात्र मला शोधूनच काढावा लागला. सहकाऱ्याने दोन घोट घेतले आणि म्हणाला, "चांगली आहे. पण ताई, नागली नसती तरी चालले असते."

माझे मत तेच पडले. एवढ्या दाट जवात नागली सापडत नाही, आणि जी पेल्यात सापडत नाही ती पोराच्या वाटीतून का काढायची? या वर्षीच्या पाककृतीत जव आणि मोह आहे. जवाचे कोठार दुसरीकडे भरलेले आहे, मोह झाडाखाली पडतो. नागलीचे एक पोते लागेल, खरपूस भाजून रंगापुरते, तेही पाड्यावरची माणसे भट्ट्यांवरून परतल्यावर त्यांना विचारून. त्यांनी नाही म्हटले तर रंग भाजलेल्या जवाने येतोच.