शर्यतीनंतरची वीस वर्षे

खेळाडूच्या आयुष्याचे दोन भाग असतात. पहिल्या भागात तो धावतो आणि दुसऱ्या भागात, आपण एके काळी कसे धावत होतो ते सांगतो. टाळ्या पडतात त्या पहिल्या भागाला. दुसरा भाग त्याहून कितीतरी लांब असतो, पण त्याची चौकशी फारशी कोणी करीत नाही.

मी आपल्या महाविद्यालयाच्या संघातून चारशे मीटर धावते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या धावण्याला घरी एक ठरलेला अर्थ आहे : खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत किंवा पोलिसांत नोकरी. वडील भांडुपच्या एका कारखान्यात होते. तो बंद पडला. आता ते नाहूरमधल्या एका टोलेजंग इमारतीच्या फाटकावर रात्रपाळी करतात. मी पहाटे सरावाला निघते तेव्हा ते परत येत असतात. "पोरी, पाय जप," एवढेच म्हणतात. त्या शब्दांत घराचे सारे गणित असते.

म्हणूनच एरिक लिडेलची हकीकत वाचताना मी प्रथम गोंधळले. ज्या वयात पदकाच्या जोरावर काहीही मिळाले असते, त्या वयात हा माणूस मैदान सोडून मिशनरी शिक्षक म्हणून चीनला निघून गेला!

लिडेलचा जन्म १९०२ साली चीनमधील तिएन्त्सिन येथे झाला. आईवडील स्कॉटिश मिशनरी होते. १९२० मध्ये तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला, आणि तेथे त्याचे पाय बोलू लागले. स्कॉटलंडकडून तो रग्बी खेळला. १९२३ मध्ये एका शर्यतीत धक्का लागून पडला असता उठून धावला आणि जिंकलाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा दिवस, त्या दिवशी धावायचे नाही, असा त्याचा नियम. 'चॅरिअट्स ऑफ फायर' या १९८१ च्या चित्रपटात ही गोष्ट त्याला अगदी निघताना कळते, असे दाखवले आहे. वस्तुतः वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होते. त्याने शंभर मीटर सोडून चारशेची तयारी केली. ११ जुलैच्या अंतिम फेरीत त्याच्या वाट्याला सर्वांत बाहेरची पट्टी आली. या पट्टीतून प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत, ते सारे पाठीमागे असतात. आपल्याच मनाशी धावावे लागते, हे मी अनुभवाने सांगू शकते. ४७.६ सेकंदांत, नवा ऑलिंपिक विक्रम करून तो जिंकला.

त्याच स्पर्धेत आपल्या देशाचे आठ ॲथलीटही उतरले होते. त्यांचे व्यवस्थापक होते हॅरी बक. त्यांनी १९२० साली मद्रासमध्ये वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले होते. मैदान आणि मिशन यांचे नाते आपल्यालाही अपरिचित नाही, एवढे यावरून दिसते.

लिडेल १९२५ मध्ये चीनला गेला. तिएन्त्सिनच्या महाविद्यालयात विज्ञान शिकवले, मुलांना खेळवले. १९३७ नंतर युद्धाने पोळलेल्या श्याओचांगच्या ग्रामीण भागात काम केले. मिशनरी परकीय सत्तांच्या तहांचा आधार घेऊन चीनमध्ये शिरले, हे इतिहासाच्या तासाला आपण शिकतो. आपल्याकडेही धर्मांतरावर तावातावाने वाद होतात. ते वाद खोटे नाहीत. पण या माणसाची पारख करायची तर तो तेथे कसा राहिला, हेही पाहावे लागेल.

ही गोष्ट मी आईला सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला, "आणि त्याच्या बायकोचं काय गं झालं?"

माझ्याजवळ उत्तर होते, पण ते सांगताना जड गेले. १९३४ मध्ये त्याने फ्लॉरेन्सशी लग्न केले. १९४१ मध्ये संकट जवळ आले तेव्हा गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना कॅनडाला पाठवून तो मागे राहिला. तिसरी मुलगी त्याने पाहिलीच नाही. चित्रपटाची कथा १९२४ च्या विजयापाशी थांबते, त्यामुळे फ्लॉरेन्स त्यात नाहीच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये घरी न सांगता बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर काय गुदरले ते आपण 'स्मृतिचित्रे'मुळे जाणतो. एकाच्या ध्येयाची किंमत घरातले दुसरे कोणी मोजत असते. आईने न वाचताही नेमके तेच विचारले.

१९४३ मध्ये जपान्यांनी लिडेलला वेइशिएनच्या छावणीत डांबले. तेथे आईवडिलांपासून तुटलेली कितीतरी मुले होती. तो त्यांना शिकवी, त्यांचे सामने भरवी. रविवारी मात्र खेळ बंद. एका रविवारी मुलांनी आपण होऊन हॉकी मांडली, पंच नसल्याने मारामारी झाली. पुढच्या रविवारी शिट्टी घेऊन कोण उभे राहिले? ज्याने ऑलिंपिकसाठी रविवार मोडला नाही, तोच! पॅरिसमध्ये नियम पाळला तो स्वतःपुरता होता. छावणीत मोडला तो मुलांसाठी. मला पदकापेक्षा ही शिट्टी मोठी वाटते.

स्टीफन मेटकाफ नावाच्या एका मुलाला त्याने आपले झिजलेले धावण्याचे बूट दिले. तो मुलगा पुढे, ज्यांनी त्याला कैदेत ठेवले होते त्याच जपानमध्ये मिशनरी म्हणून गेला. लिडेल २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने छावणीतच वारला. वय अवघे त्रेचाळीस. सुटका सहा महिन्यांवर होती.

आमच्या घरासारख्या घरातल्या मुलीने नोकरीसाठी धावणे हे हलके ध्येय आहे, असे मी मुळीच मानत नाही. वडिलांची रात्रपाळी थांबवणे हीही सेवाच. मात्र नोकरी लागली की शर्यत संपली, असे मी पूर्वी धरून चालले होते. आता तसे धरवत नाही. वस्तीतल्या चार लहान मुली हल्ली सरावाला माझ्यामागून येतात. कोणी बोलावले नाही, आपणहून येतात. सुरुवात कशी करायची, हात कसे ठेवायचे ते मी त्यांना दाखवते. माझा स्वतःचा वेळ त्यात जातो, आणि स्पर्धा जवळ आल्या आहेत. तरी अजून त्यांना 'येऊ नका' म्हणवलेले नाही.