वाळू गरम लागतीया

‘कामगारास समज देण्यात आली.’ ओतकामाच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या माणसाच्या हातून हे वाक्य वारंवार लिहिलं जातं. ग्राहकाकडून कास्टिंग परत आलं की सोबत एट-डी रिपोर्टची मागणी येते. फोर्ड कंपनीने १९८७ मध्ये रूढ केलेली ही आठ पायऱ्यांची पद्धत आज वाहन उद्योगाला माल पुरवणाऱ्या लहानातल्या लहान कारखान्यापर्यंत पोचली आहे. तिची चौथी पायरी मूळ कारणाची. तिथे ‘निष्काळजीपणा’, पुढच्या रकान्यात ‘समज व प्रशिक्षण’, खाली सही, आणि रिपोर्ट रवाना. कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी नोकरी. अशा कागदांच्या ढिगाने पद्धतशीर प्रक्रिया-सुधारणा या प्रकाराबद्दल माझं मत फार कडवट करून टाकलं होतं.

त्या कडवटपणामागे एक श्रद्धाही होती. ओतकाम हा हाताचा आणि नजरेचा धंदा. जुना मेस्त्री वाळू मुठीत दाबतो, तो मुटका मधोमध मोडून बघतो आणि ओल किती ते सांगतो. कोल्हापुरातला हा सगळा व्यवसाय शेतावरच्या ऑइल इंजिनांची दुरुस्ती करता करता आणि मग इंजिनं बनवता बनवता उभा राहिला, आणि तो उभा करणाऱ्यांत पदवी नसलेली माणसं पुष्कळ होती. याउलट प्रक्रिया-सुधारणेची सिक्स सिग्मा ही पद्धत जन्मली मोटोरोलामध्ये, १९८६ साली, बिल स्मिथ या अभियंत्याच्या पुढाकाराने. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे तिचं ध्येय. महिन्याला काही हजार नग ओतणाऱ्या आमच्यासारख्यांना या आकड्याचं करायचं काय, असं मला मनापासून वाटायचं. अनुभव असलेल्या माणसाला चौकटी लागत नाहीत, आणि अनुभव नसलेल्याला चौकटी वाचवू शकत नाहीत, हे माझं ठाम मत होतं.

ते बदललं एका पंपाच्या बॉडीमुळे.

या कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे वायूने पडलेले खड्डे, निघत होते आणि तेही मशीनिंग झाल्यावर. म्हणजे लोखंड वाया, वर मशीनिंगचा खर्चही आमच्याच नावावर. सगळ्यांचं बोट दुसऱ्या पाळीकडे होतं, कारण रिजेक्शनच्या तक्त्यात तीच पाळी वर दिसायची. तिथले मुख्य मोल्डर वयाने मोठे, त्यांना सगळे मामा म्हणत. त्यांना बोलावून घेतलं की त्यांचं एकच उत्तर असे, “साहेब, वाळू गरम लागतीया. कवापासनं सांगतोय आमी.” आमच्या कानांना ती सबब वाटत असे. त्यांचं हे वाक्य लिहून ठेवायला आमच्या कुठल्याच कागदावर जागा नव्हती.

ग्राहकाच्या आग्रहामुळे या वेळी मात्र सिक्स सिग्माच्या डिफाइनपासून कंट्रोलपर्यंत सगळ्या पायऱ्या क्रमाने चढायच्या होत्या, आणि पहिल्या दोन पायऱ्या पूर्ण होईपर्यंत कारण हा शब्द उच्चारायचा नव्हता. हे बंधन मला सुरुवातीला असह्य झालं. ‘रिजेक्शन वाढलंय’ एवढं वाक्य चाललं नाही. कुठला नग, कुठला दोष, नगाच्या कुठल्या बाजूला, केव्हापासून, हे लिहावं लागलं. मग मोजणीची पायरी आली, आणि माझ्या मते सगळं सार तिच्यात आहे. आमच्या दोन तपासनिसांना तेच नग स्वतंत्रपणे दाखवले, तर एक ज्याला ब्लो होल म्हणे त्याला दुसरा वाळूचा दोष म्हणे. शॉट ब्लास्टिंगमध्ये खड्ड्यातली वाळू उडून गेली की दोन्ही खड्डे सारखेच दिसतात. ज्या तक्त्यावरून आम्ही माणसांना बोलावून घेत होतो, त्यातले रकानेच भरवशाचे नव्हते. मग ब्लास्टिंगच्या आधी नग बघायचे ठरले, नमुन्याचे नग टेबलावर मांडून दोघांची नजर जुळवली आणि नोंदी नव्याने सुरू केल्या.

नव्या नोंदी पाळीनुसार मांडल्या तेव्हा दुसरी पाळीच वाईट दिसली. तासांनुसार मांडल्या तेव्हा वेगळंच चित्र आलं. रिजेक्शन दिवसाच्या सुरुवातीला कमी असे आणि तासागणिक चढत जाई. पहिल्या पाळीचे शेवटचे तासही वाईटच होते. साप्ताहिक सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र माल सगळ्यात चांगला. माणसं तीच, साचे तेच. सुट्टीत एकच गोष्ट घडत होती: वाळू निवत होती.

ग्रीन सँडचा खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. साच्याची वाळू ओतकामानंतर झटकून पुन्हा मिक्सरमध्ये जाते, त्यात बेंटोनाइट माती आणि पाणी घालून पुन्हा साचा होतो. नग जड असेल, म्हणजे एका किलो लोखंडामागे वाळू कमी असेल, तर वाळू लवकर तापते, आणि निवायच्या आत तिची पुढची फेरी येते. साधारण पन्नास अंशांच्या वर गेलेली वाळू सांभाळणं कठीण. मिक्सरपाशी तिची ओल बरोबर भरते, पण मोल्डिंग मशीनपर्यंत जाता जाता पाणी उडतं. साच्याच्या कडा सुकून भुसभुशीत होतात आणि वाळू गळून लोखंडात शिरते. ओल टिकावी म्हणून पाणी वाढवलं, तर त्याचीच वाफ थंड कोअरवर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात बसवलेल्या गाभ्यावर, जमते आणि ओतताना ब्लो होल होतात. म्हणजे दोन्ही दोष एकाच उष्णतेचे. आम्ही ओल मोजत होतो, पण मिक्सरपाशी. मशीनपाशी कुणी मोजलीच नव्हती, आणि तपमान तर कुठेच नाही.

मामांना हे हाताला कळत होतं. पद्धतीने त्यांच्यापेक्षा वेगळं काही शोधून काढलं नाही. तिने त्यांच्या वाक्यापुढे एक थर्मामीटर ठेवला, आणि मग ते वाक्य कुणाला सबब म्हणता येईना. माझं मन बदललं ते इथे. चौकट अनुभवाची जागा घेते असं मी समजत होतो. आमच्याकडे चौकटीनेच अनुभवाला बोलू दिलं, कारण तोवर प्रत्येक चर्चेत ज्याचं पद मोठं त्याचंच कारण मूळ कारण ठरत असे. माझंही.

नंतर जुन्या लोकांचं वाचलं आणि वाटलं, ही सगळी परंपरा मुळात दोष माणसाचा की प्रक्रियेचा, याच प्रश्नापासून सुरू झाली आहे. वॉल्टर शुअर्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये एका पानाच्या टिपणात पहिला कंट्रोल चार्ट मांडला. त्यामागचा विचार असा की प्रक्रियेत मुरलेले चढउतार वेगळे आणि नेमक्या कारणाने आलेले वेगळे, त्यांची गल्लत करायची नाही. संख्याशास्त्रज्ञ महालनोबीसांच्या पुढाकाराने हे शुअर्ट १९४७-४८ मध्ये भारतातही येऊन गेले. त्यांचेच विचार पुढे नेणारे डेमिंग आपल्या वर्गात लाल मण्यांचा प्रयोग करत. पेटीत ३२०० पांढरे आणि ८०० लाल मणी. ‘कामगारां’नी पन्नास खड्ड्यांच्या फळीने मणी उचलायचे. लाल मणी म्हणजे दोष. कुणाला कमी आले की शाबासकी, जास्त आले की दटावणी. लाल मणी पेटीतच आहेत आणि पेटी भरली व्यवस्थापनाने, हे बघणाऱ्या प्रत्येकाला दिसतं. टोयोटाच्या ताइइची ओनो यांचं पाच ‘का’चं प्रसिद्ध उदाहरणही तसंच: यंत्र बंद पडलं, कारण फ्यूज उडाला, बेअरिंगला तेल कमी, तेलाचा पंप नीट ओढत नाही, त्याचा दांडा झिजला, आणि पंपाला गाळणी नाही म्हणून लोखंडाचा कीस आत गेला. पूर्ण साखळीत एकाही माणसाचं नाव नाही.

आमचे उपाय साधे निघाले. परत येणाऱ्या वाळूवर पाण्याचा फवारा आणि हवा. वाळूच्या वजनाच्या एक टक्का पाणी वाफ होऊन गेलं की वाळू साधारण पंचवीस अंशांनी निवते. जड नग एकापाठोपाठ एक न लावता मधे हलके नग घ्यायचे, हा दुसरा उपाय मामांनीच सुचवला. तपमानाचा चार्ट आता मशीनपाशी टांगलेला आहे आणि तो मोल्डर भरतात. ठरलेल्या रेषेच्या वर बिंदू गेला तर साचे थांबवायचा अधिकार त्यांना आहे. हा अधिकार मिळवताना प्रकल्पाच्या इतर कुठल्याही पायरीपेक्षा जास्त वाद झाला.

सगळंच पटलं आहे असं नाही. उपाय आधी ठरवून फाइल उलट्या क्रमाने भरलेले प्रकल्प मी पाहतो. सिक्स सिग्मातली पातळी दाखवणाऱ्या बेल्टच्या रंगासाठी वाचवलेल्या रुपयांचे आकडे फुगवलेले पाहतो. त्याहून मोठी भीती दुसरीच. मोजणीचा वापर एकदा जरी पगार कापायला झाला, तर त्या दिवसापासून नोंदी खऱ्या राहणार नाहीत. डेमिंग यांच्या चौदा मुद्द्यांतला आठवा मुद्दा कारखान्यातली भीती घालवण्याचा आहे. माझ्या मते पद्धतीची सुरुवातच तिथून करायला हवी.

म्हणून रिजेक्शनच्या तक्त्यातला कामगाराच्या नावाचा रकाना काढून तिथे तास आणि वाळूचं तपमान घालावं, असं मी सुचवलं. मालकांनी विचारलं, “नाव नसलं तर जबाबदार कोण?” पेटी भरणारे आपण, असं मी त्यांना सांगितलं आणि मण्यांचा प्रयोग करून दाखवायची तयारी दाखवली. ते हो म्हणालेले नाहीत. तूर्त पंपाच्या बॉडीपुरता नवा तक्ता चालू आहे. पुढचा प्रकल्प कोअर शॉपचा घेतोय, आणि त्याच्या पहिल्या बैठकीला तिथले कामगार बसणार आहेत.