साडेपांच तासांचा घोंटाळा

देवरूख येथें शाळेंतील एका संगणकावर विंडोज होतीच. तिच्या जोडीस आम्हीं लिनक्स बसविली. काम निर्विघ्न पार पडलें. परंतु सकाळीं अकरा वाजतां पडद्यावर सायंकाळचे साडेचार दिसूं लागले! मुलांस शाळा सुटल्याचा आनंद झाला. पण अकरा वाजतां लिनक्समध्यें लिहिलेला निबंध दोन वाजतां विंडोजमध्यें सुधारून निराळा ठेवावा, तर वेळेवरून जुनीच प्रत नवी ठरे. अशानें चुकीची प्रत राखून सुधारलेली पुसली जाण्याचें भय होतें.

शोध घेतां कारण साधें निघालें. यंत्र बंद असतांही मदरबोर्डावरील एक घड्याळ सेलवर चालत असतें. त्यांतील वेळ विंडोज स्थानिक समजते. लिनक्स बहुधा ती जागतिक प्रमाणवेळ समजून तींत आपले साडेपांच तास मिळविते. दोघींचें गणित बरोबर. एकवाक्यता तेवढी नाहीं. मुंबईनेंही असा दुहेरी कारभार पाहिला आहे. १९०६ सालीं भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी ३९ मिनिटें मागें असलेली 'मुंबई टाइम' तेथें कांहीं ठिकाणीं १९५५ पर्यंत टिकून होती.

'टाइमडेटसीटीएल' या आज्ञेनें आम्हीं लिनक्सला तें घड्याळ स्थानिक मानावयास लाविलें व त्यावरून वेळ जुळवून घेतली. ऋतूप्रमाणें घड्याळें पुढेंमागें करणाऱ्या देशांत हा उपाय अडचणीचा होतो; आपल्याकडे ती रीत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, दोघांचीं उत्तरें जुळलीं नाहींत, तर कोण चुकला हें विचारण्यापूर्वीं प्रत्येकानें मोजणी कोठून आरंभिली, हें अवश्य पाहावें.