तिकिटाच्या अंतरावरची मुंबई

मुंबई पाहायला आलेला पाहुणा दोन दिवसांत गेट वे, मरीन ड्राइव्ह, जुहूची चौपाटी आणि सिद्धिविनायक पाहून परततो. मुंबईत राहणारा नोकरदार बहुधा तेवढेही पाहत नाही. त्याला हे शहर स्थानकांच्या क्रमाने पाठ असते. भायखळा, मशीद, शिवडी ही त्याच्या लेखी गावे नसतात. उतरायला अजून किती वेळ आहे, हे सांगणाऱ्या त्या खुणा असतात. मुलुंड ते फोर्ट असा प्रवास मी एकतीस वर्षे केला. बँकेची वेळ, महिनाअखेरीचे ताळेबंद आणि मुलांच्या शाळा यांत वाटेवरच्या स्थानकांवर उतरण्याचे प्रयोजनच नव्हते.

ते प्रयोजन निवृत्तीनंतर काही वर्षांनी, वेगळ्याच कारणाने निर्माण झाले. आमची इमारत पुनर्विकासाला जाणार, हे निश्चित झाले. दोन-तीन वर्षे भाड्याच्या घरात काढायची, की जागा विकून पुण्याला मुलाजवळ कायमचे राहायला जायचे, हा निर्णय घ्यायचा होता. मुलाचे म्हणणे रास्त होते. वय वाढते आहे, सांगलीकडचे नातलगही पुण्याहून जवळ, हवा चांगली. मी कागदावर दोन रकाने आखून फायदे-तोटे मांडले. सौ.ने तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, “सोडायचे तर सोडू. पण जे सोडायचे आहे ते एकदा पाहून तरी घ्या. तुमच्या कागदावर मुंबईच्या खाली फक्त घराची किंमत दिसते.”

त्या आठवड्यापासून आमचे गुरुवार ठरले. नियमही ठरले. सकाळची गर्दी ओसरल्यावर साडेदहानंतर निघायचे. रेल्वे, मेट्रो आणि बस यांखेरीज दुसरे वाहन करायचे नाही. दोघांच्या तिकिटांना मिळून दीडशे रुपयांहून अधिक खर्च नाही. एका दिवशी एकच परिसर. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि सूर्यास्तापूर्वी जेवण होईल अशा बेताने घरी परत. सौ.चे गुडघे लक्षात घेऊन सरकता जिना कोणत्या स्थानकावर कोणत्या टोकाला आहे, याची नोंद मी एका वहीत ठेवू लागलो. पुढे त्या वहीत जिन्यांपेक्षा इतरच नोंदी अधिक झाल्या.

पहिला गुरुवार भायखळ्याचा. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, त्याच मार्गावरचे हे जुने स्थानक. त्याच्या जतनकार्याला २०२२ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत वारसा पुरस्कार मिळाला आहे. फलाटावरच्या बाकावर बसून छताच्या जुन्या लोखंडी कमानी आम्ही प्रथमच निवांत पाहिल्या. तेथून राणीच्या बागेला लागून असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय जवळच आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले; राणी व्हिक्टोरियाचे नाव जाऊन १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचे नाव मिळाले. निष्णात वैद्य आणि प्राचीन लेखांचे अभ्यासक असलेल्या या गृहस्थांचा संग्रहालयाच्या उभारणीत मोठा वाटा होता. आत मुंबईतल्या जाती-जमातींच्या, व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याच पोर्तुगीज नावावरून घारापुरीला ‘एलिफंटा’ म्हणू लागले. पलीकडे बागेत काळा घोडाही आहे. फोर्टमधल्या ज्या चौकातून मी रोज जात असे, त्या चौकाला नाव देऊन हा घोडा १९६५ पासून येथे येऊन राहिला आहे.

दुसऱ्या गुरुवारी माझ्याच जुन्या परिसरात, फोर्टमध्ये गेलो. सर फिरोजशहा मेहता मार्गावर रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे. २००४ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. कलाम यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. प्राचीन आहत नाण्यांपासून कागदी नोटांपर्यंतचा प्रवास तेथे क्रमाने मांडला आहे. आयुष्यभर नोटा मोजणाऱ्या माणसाला त्या काचेआड पाहताना गंमत वाटते. दहा हजारांची नोट आपल्याकडे १९७८ च्या जानेवारीपर्यंत वैध होती, हे मी सौ.ला सांगितले. तिने विचारले, “तेव्हा ती सुटी कोण करून देत असेल?”

तेथून चालत ओव्हल मैदानाकडे आलो. मैदानाच्या एका बाजूला व्हिक्टोरियन आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको पद्धतीच्या इमारती आहेत, आणि त्यांच्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली आहे. व्हिक्टोरियन इमारतींच्या बाजूला राजाबाई टॉवर. त्याच्याकडे पाहून मी अनेक वर्षे घड्याळ लावले. त्या दिवशी प्रथमच त्याच्या जमाखर्चाचा विचार केला. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले. अट एकच, मनोऱ्याला आईचे नाव द्यावे. राजाबाईंची दृष्टी अधू होती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा त्यांचा नेम होता. टोले ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने हा मनोरा बांधवला, अशी आख्यायिका सांगतात.

बँकेतल्या माणसाला मात्र त्यापुढची हकिगत अधिक अस्वस्थ करते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस बंद झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि त्या पैशावर शेअरचा बाजार फुगला. बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. शेअरच्या तारणावर बँक ऑफ बॉम्बेने सढळ हाताने कर्जे दिली, आणि त्या कर्जवाटपावर प्रेमचंदशेठांचा प्रभाव होता. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. मोठमोठी घराणी बुडाली, प्रेमचंदशेठांचे वैभव गेले, आणि १८६८ मध्ये ती बँकही गुंडाळावी लागली. तारण तपासल्याशिवाय कर्ज देऊ नये, हा आमच्या प्रशिक्षणातला पहिला पाठ. त्याची किंमत या शहराने एवढी मोजली होती. पण मनोऱ्याची रक्कम विद्यापीठाला आधीच देऊन झालेली होती. १८७८ मध्ये तो पूर्ण झाला. तेजीत कमावलेले लयाला गेले आणि दिलेले तेवढे उभे राहिले. खाली मैदानात मुले क्रिकेट खेळत होती, आणि त्यांतले कोणीही वर न पाहता टोल्यांवरून वेळ ओळखत होते.

तिसरी फेरी भुलेश्वरची. मेट्रोच्या भुयारी मार्गाचे काळबादेवी स्थानक झाल्यापासून हा गजबजलेला भाग आमच्यासारख्यांना सोपा झाला आहे. तेथे दुकानांच्या दाटीत एका दरवाजातून आत गेले, की अचानक गोठ्याचा वास येतो, वासरांचे हंबरणे ऐकू येते. ही बॉम्बे पांजरपोळ. स्थापना १८३४ ची. त्याआधी दोन वर्षे, १८३२ मध्ये, भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता आणि इतर समाजांनीही त्यास साथ दिली होती. त्या असंतोषानंतर जमशेटजी जीजीभाई या पारशी दानशूर गृहस्थांनी जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांच्या सहकार्याने ही संस्था उभी केली. जीवदया हा आपल्या घरातला शब्द आहे असे आपण मानतो. या शहरात मात्र तो अनेक धर्मांच्या माणसांनी मिळून उच्चारला, हे मला तेथे उमगले. सौ.ने गाईला चारा घातला. शेजारी एक हमाल आपली हातगाडी बाहेर लावून, तेच करायला आला होता.

शिवडीला जायचे तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधी पाहावे लागते, म्हणून तो गुरुवार दोनदा पुढे ढकलला. कुर्ल्याला गाडी बदलून हार्बर मार्गाने शिवडी; तेथून गोदामांच्या रस्त्याने जेट्टीपर्यंत पायी. पूर्ण ओहोटी असली तर पक्षी दूर चिखलात असतात, पूर्ण भरती असली तर चिखलच नसतो. मधली वेळ साधावी लागते. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत येथे रोहित पक्षी येतात, ज्यांना अग्निपंख असेही म्हणतात. समोर अटल सेतू, मागे तेलाच्या टाक्या, आणि मध्ये उथळ पाण्यात मान बुडवून चाललेली गुलाबी रांग. एवढ्या रूक्ष परिसरात एवढे नाजूक काही टिकून आहे, याचे आश्चर्य वाटत राहिले.

शेवटची मोठी फेरी कान्हेरीची. दादरला गाडी बदलून बोरिवली, तेथून राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार, आणि पुढे उद्यानातल्या बसने लेण्यांच्या पायथ्याशी. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे हजार वर्षे ही बौद्ध लेणी खोदली जात होती. त्यांची संख्या शंभराहून अधिक आहे. सौ.चे लक्ष मूर्तींपेक्षा पाण्याच्या टाक्यांकडे गेले. जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी कातळात टाके, आणि त्यात डोंगरावरचे पावसाचे पाणी आणून सोडणारे कोरीव पन्हाळे. “राहायला येण्याआधी यांनी पाण्याची सोय केली,” ती म्हणाली. पाण्यासाठी पहाटे चारला उठलेल्या गृहिणीचे ते निरीक्षण होते.

माझे लक्ष लेखांकडे गेले. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत, आणि ते दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. आज ज्या नावांच्या स्थानकांवरून लोकल सुटतात, त्या गावांहून माणसे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर येत आणि काही देऊन जात. त्या लेखांत एक शब्द येतो, अक्षयनीवी. म्हणजे अशी ठेव, की जिच्या मुदलाला कोणी हात लावायचा नाही. व्याजातून भिक्षूंची वस्त्रे आणि इतर खर्च भागवायचा. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताच्या लेखात तर दरही कोरले आहेत: विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने, दुसरीकडे एक हजार शेकडा पाऊण व्याजाने. मुदत ठेवींच्या पावत्यांवर सह्या करण्यात माझी उमेद गेली; पण ज्या पावतीवर परतफेडीची तारीखच नाही, अशी पावती मी प्रथम पाहिली.

उतरणीला बसमध्ये बसल्यावर आमच्या सगळ्या गुरुवारांचा हिशेब मनात जुळू लागला. संग्रहालय, मनोरा, पांजरपोळ, दगडातली टाकी, या सर्व अक्षयनीवीच आहेत. कोणीतरी मुद्दल ठेवून गेले. व्याज आम्ही तिकिटाच्या पैशांत उपभोगले. आणि त्या तिकिटामागेही तसलीच ठेव आहे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली बस धावली. तेव्हापासून रोज कोणी चालवली, कोणी तिकिटे दिली, कोणी रात्री धुऊन ठेवली, म्हणून आज दोन वृद्ध माणसे कोणाच्याही उपकाराविना शहरभर हिंडू शकतात. सार्वजनिक वाहतूक तोट्यात आहे, असे मांडलेले आकडे मी व्यावसायिक नजरेने अनेकदा वाचले आहेत. सौ.ला जागा देण्यासाठी उठलेला विद्यार्थी, हातगाडीवाला, मी आणि ती परीक्षेला निघालेली मुलगी एकाच बाकाच्या ओळीत येतो, याची नोंद कोणत्या खात्यात करायची, हे मात्र त्या ताळेबंदात नसते.

वाचक बंधुभगिनींना चार व्यावहारिक गोष्टी सांगतो. सोमवारी राष्ट्रीय उद्यान आणि नाणे संग्रहालय, तर बुधवारी भायखळ्याचे संग्रहालय बंद असते. रविवारी रेल्वेचे मेगाब्लॉक असतात. निवृत्तांनी तो दिवस नोकरदारांसाठी सोडावा. दुपारी चारच्या आत परतीची गाडी धरावी. आणि नातवंडांना बरोबर न्यावे. तिकीट त्यांना काढू द्यावे.

घराचा निर्णय आम्ही मागच्या महिन्यात घेतला. मुलाला वाईट वाटू नये म्हणून फोन न करता पुण्याला जाऊन, समोर बसून सांगितला. वर्षातले दोन महिने त्याच्याकडे राहू, बाकीचे मुंबईत. भाड्याचे घर मिळाले आहे ते थोडे लहान आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आहे, पण उद्वाहन आहे, आणि बसथांबा फाटकासमोर आहे. दोन रकान्यांचा तो कागद सौ.ने मागून घेतला. त्याच्या कोऱ्या बाजूवर तिने राहिलेली ठिकाणे लिहून ठेवली आहेत. पहिले नाव बाणगंगेचे आहे.