सही बससाठी होती

अर्ज लिहून देणं हा माझा धंदा. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या खानापुरात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्डातल्या नावाची दुरुस्ती, पोरांची शिष्यवृत्ती. दिवसभर मी लोकांच्या वतीनं सरकारशी बोलत असतो. त्यामुळं याचिका कशी करायची हे मला कुणी शिकवायला नको, असा माझा समज होता. शिवाय ऑनलाइन याचिकेला लागतं तरी काय? शीर्षक, चार ओळी, एक फोटो आणि स्वतःचा ईमेल. चहा निवायच्या आत पान तयार. खिडकीवर अर्ज चुकला तर कारकून कपाळाला आठ्या घालून का होईना, परत तरी करतो. इथं परत करणारं कुणी नसतं, आणि माझ्या चुका त्यामुळंच लांबवर गेल्या.

मागणी छोटी होती. जांबोटी रस्त्यावरच्या गावांतून कॉलेजला येणाऱ्या मुलींची प्रॅक्टिकल संपायची वेळ आणि परतीच्या बसची वेळ यांचा मेळ बसत नव्हता. बस थोडी उशिरा सोडा, एवढंच म्हणायचं होतं. आमच्या तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे पार कणकुंबीपर्यंत रान आणि पाऊस. जुलै-ऑगस्टात तिकडं दिवस मावळायच्या आधीच अंधारून येतं. बस चुकलेली पोर वडापची वाट बघत रस्त्याकडेला उभी राहते, आणि घरी आईचा जीव टांगणीला लागतो.

ही याचिका मी धाडली कुणाला, तर मुख्यमंत्र्यांना, परिवहनमंत्र्यांना आणि लगे हात पंतप्रधान कार्यालयालाही. मोठी नावं बघून सह्या भराभर येतील, असा हिशेब. कॉलेजची बस किती वाजता स्टँड सोडते हे बंगळूरला ठरत नाही, दिल्लीला तर नाहीच, हे मला ठाऊक होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माझा पहिला प्रश्न असतो, ‘अर्ज कुणाच्या नावे?’ तो मी स्वतःला विचारला नाही. ब्रिटनच्या संसदेच्या याचिकांचे नियम नंतर वाचनात आले तेव्हा जरा ओशाळलोच. तिथं सरकारच्या किंवा संसदेच्या हातात नसलेली मागणी दाखलच होत नाही. आधी पाच समर्थक लागतात, मग कर्मचारी मजकूर तपासतात आणि त्यानंतर याचिका लोकांपुढं येते. 10 हजार सह्या झाल्या की सरकार उत्तर देतं, एक लाख झाल्या की सभागृहात चर्चेसाठी तिचा विचार होतो, आणि सहा महिन्यांनी सह्या घेणं बंद. माझ्या पानावर समर्थक मीच, तपासनीस मीच, आणि मुदत तर नव्हतीच.

मजकूर मी इंग्रजीत लिहिला. साहेबावर छाप पडेल म्हणून, खरं कारण तेच. मुलींच्या आया काउंटरवर मोबाइल पुढं करून विचारायच्या, “कुठं दाबायचं?” मी बोट दाखवायचो आणि त्या दाबायच्या. काय लिहिलंय हे एकीनंही विचारलं नाही, मीही वाचून दाखवलं नाही. राज्यघटनेचं 350वं कलम सांगतं की गाऱ्हाणं मांडायला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेली कोणतीही भाषा चालते. म्हणजे मराठीत लिहायची मुभा तर होतीच. सोबत कन्नड मजकूर जोडला असता तर ज्याला निर्णय घ्यायचा त्यालाही सोयीचं झालं असतं. जून 2020 मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत द्या, असं दिल्ली उच्च न्यायालयानं केंद्राला बजावलं होतं. ज्याला मसुदा वाचता येत नाही तो हरकत तरी काय घेणार? तेव्हा आमच्याकडची जंगलाकाठची माणसं मला आठवली होती आणि निकाल वाचून बरं वाटलं होतं. स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र त्याच माणसांपुढं मी इंग्रजी पान धरलं.

सह्या मात्र धो-धो आल्या. इथला एखादा पुण्यात, एखादा ठाण्यात, कुणाचा भाऊ दुबईत. प्रत्येकानं आपापल्या ग्रुपवर लिंक टाकली. आकडा वाढला की मी स्क्रीनशॉट काढून स्टेटसला ठेवायचो. शेवटी छापील यादी घेऊन बसच्या कार्यालयात गेलो. तिथले साहेब शांत स्वभावाचे. त्यांनी पानं चाळली, गावांच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ह्यातले बसनं जाणारे किती?” मला सांगता येईना. मग तेच म्हणाले, “त्या वेळेला स्टॉपवर किती मुली असतात, कुठल्या गावच्या, प्रॅक्टिकल कुठल्या वारी असतं, एवढं लिहून आणा. मला ह्या आकड्याचा उपयोग नाही.”

मोठमोठ्या याचिकांनाही हा रोग लागतो. 2016 मध्ये युरोपीय संघाबद्दल पुन्हा मतदान घ्या, अशी याचिका ब्रिटनमध्ये झाली. तिच्यातल्या सुमारे 77 हजार सह्या खोट्या म्हणून काढून टाकाव्या लागल्या. त्यातल्या 39 हजारांहून अधिक व्हॅटिकन सिटीतून आलेल्या होत्या, आणि त्या नगरीची वस्ती हजारसुद्धा नाही! माझ्या यादीत खोटं कुणी नव्हतं, पण त्या बसशी संबंध नसलेले बरेच होते. पुण्याच्या माणसानं सही करू नये असं नाही. त्याची मोजणी वेगळी दाखवायला हवी होती.

इथवरच्या चुका निस्तरण्यासारख्या होत्या. पुढची तशी नाही.

सह्यांचा जोर चढला असताना एका रात्री डोक्यात आलं की एवढी माणसं जमलीच आहेत तर बसवरच्या मराठी बोर्डाचंही घालून टाकावं. गावांची नावं कन्नडबरोबर मराठीतही हवीत ही आमच्याकडची जुनी मागणी. ती मला आजही रास्त वाटते. एखाद्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के किंवा त्याहून जास्त असतील तर नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राच्या अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण योजनेतच आहे, आणि खानापूर तर त्याच्या कितीतरी पुढं. पानावर मजकूर बदलायची सोय होतीच. मी खाली दुसरी मागणी जोडली, शीर्षकात थोडा बदल केला आणि झोपलो. सह्यांचा आकडा होता तसाच राहिला. बसच्या वेळेसाठी आलेली सगळी माणसं एका रात्रीत बोर्डाचीही झाली, कुणालाही न विचारता.

दोन दिवसांत एक अंगणवाडी सेविका दुकानात आल्या. मुलगी त्याच बसनं जाणारी. झेरॉक्स काढणाऱ्यांची गर्दी सरेपर्यंत कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, “बोर्डाचं कशाला घातलासा त्यात? आमी सही केल्ती ती बससाठी. उद्या वरच्यांनी बघितलं म्हंजे? नोकरी हाय माझी.” नाव काढून द्या, म्हणाल्या. मी तिथल्या तिथं त्यांच्या मोबाइलवर शोधलं, पण नाव कुठून काढायचं ते मलाच सापडेना. माणसाला आत घेताना बाहेर पडायची वाट कुठं आहे हे मी बघून ठेवलं नव्हतं.

पाठोपाठ कॉलेजातल्या एक कन्नडभाषक प्राध्यापिका आल्या. स्टाफरूममधल्या सह्या त्यांनीच मिळवून दिल्या होत्या. त्या चिडल्या नव्हत्या, त्यामुळं मला जास्त लागलं. “तुम्ही विचारलं असतं तर बोर्डालाही कदाचित हो म्हणाले असते,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावावर काय लिहिलंय ते मला दुसऱ्यानं येऊन सांगावं लागलं.”

घाबरून मी बोर्डाची ओळ काढून टाकली. तेव्हा दुसरी चूक झाली, कारण मधल्या दिवसांत काही जणांनी, विशेषतः मुंबईकडच्या मंडळींनी, बोर्ड वाचूनच सही केली होती. त्यांचे फोन सुरू झाले. कुणी शेपूट घातलं म्हणालं, कुणी विकला गेलास म्हणालं. त्यांचंही बरोबरच होतं. त्यांच्या सहीखालचा मजकूरही मी काढून घेतला होता.

ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात कागदी याचिका द्यायची तर पहिल्या पानावर पूर्ण मजकूर आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर मागणी पुन्हा लिहावी लागते. आधी वाचलं असतं तर कारकुनी हट्ट म्हणून हसलो असतो. आता कळतं की वरचं पान बदलून खालच्या सह्या भलत्याच कागदाला जोडणारे माझ्यासारखे लोक जगात सगळीकडं असणार. आपल्या लोकसभेलाही याचिकेत प्रत्येकाचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही किंवा अंगठा लागतो, आणि न्यायालयात असलेल्या विषयावर याचिका चालत नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तेव्हा त्यावर लोकसभेकडं अर्ज धाडायच्या गोष्टी करणाऱ्यांनी हा नियम आधी बघावा.

आपल्याकडची जुनी माणसं याबाबतीत माझ्यापेक्षा चोख होती. 2 एप्रिल 1870 ला पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यात पुढं होते. सभासद व्हायचं तर किमान 50 जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या 95 सभासदांमागं अशी सहा हजारांच्या आसपास माणसं होती. लोकांच्या नावानं बोलणार, तर लोकांनी तसं लिहून दिलंय का? एवढा साधा प्रश्न. त्या काळात आजची साधनं नव्हती, तरी तो त्यांनी टाळला नाही. आणि आम्ही सीमाभागातली माणसं! सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगापासून आजतागायत निवेदनांवर सह्या करत आलेली. इथं कुणी सही मागितली तर माणूस सहसा नाही म्हणत नाही, वाचतही नाही. मागणाऱ्यावर विश्वास टाकतो. त्याचा गैरफायदा घेणं फार सोपं आहे, आणि तो मी घेतला.

फोन नंबरांचंही सांगायला हवं. गावनिहाय यादी करायची म्हणून मी एक शीट बनवलं आणि भरायला सोपं जावं म्हणून सगळ्यांना उघडं ठेवलं. नाव, गाव, वर्ग, मोबाइल. त्यातून नंबर उचलून कुणीतरी दोघी मुलींना रात्री-बेरात्री मेसेज पाठवायला लागलं. त्यांच्या घरच्यांनी मला तोंडावर सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. एप्रिल 2015 मध्ये असाच प्रकार देशपातळीवर घडला होता. इंटरनेट सर्वांना सारखं मिळावं म्हणून दहा लाखांहून जास्त लोकांनी दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला ईमेल केले, आणि ‘ट्राय’नं ते पाठवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांसकट जाहीर केले. तेव्हा बरीच ओरड झाली. आता 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आला आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? बसच्या वेळेसाठी मुलीचा मोबाइल नंबर लागतच नव्हता. नाव आणि गाव पुरे होतं.

पैशांचा घोळ थोडक्यात सांगतो. सही झाली की ते संकेतस्थळ याचिकेच्या प्रसारासाठी वर्गणी मागायचं, आणि ती संकेतस्थळाकडंच जायची. लोकांना वाटलं मला मिळते. पहिल्याच दिवशी पानावर मोठ्या अक्षरात ‘सहीला पैसे लागत नाहीत, देऊ नका’ असं लिहिलं असतं तर निम्म्या चहाच्या टपऱ्यांवर माझा हिशेब निघाला नसता.

मग शेवटी केलं ते असं. आधी ते पान बंद केलं. सही केलेल्यांना काय बदललं होतं, कधी बदललं होतं ते मराठी आणि कन्नडमधून कळवलं. उघडं शीट पुसून टाकलं. कागदावर नवा अर्ज लिहिला, डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड, मागणी एकच आणि प्रत्येक पानावर तीच. वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही, असं ठरवलं. सह्या थोड्याच झाल्या, पण सगळ्या त्या रस्त्यावरच्या. अंगणवाडीच्या बाईंनी सही केली नाही, त्यांच्या नवऱ्यानं केली. प्राध्यापिकांनीही केली नाही. मात्र प्रॅक्टिकलचं वेळापत्रक कॉलेजच्या शिक्क्यासह आणून दिलं, आणि साहेबांनी सगळ्यात आधी तोच कागद हातात घेतला. बसची वेळ बदलली. बोर्डाचा अर्ज वेगळा केला आहे. त्यावर ज्यांनी बोर्डासाठी म्हणून सही केली त्यांचीच नावं आहेत, आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

एक विनंती. पान बंद झालं तरी त्याचा जुना फोटो आणि लिंक अजून फिरते आहे. गेल्या आठवड्यात ती मलाच एका पाहुण्यानं पाठवली, वर ‘जास्तीत जास्त शेअर करा’ असं लिहून. तुमच्या ग्रुपवर आली तर पुढं ढकलू नका. ती बस आता वेळेवर सुटते.